वहीची मागची पानं

"आता हे उलटं करायचं," सेबेस्टियन मास्तर म्हणाला. "क्षची दुप्पट केली, त्यात तीन मिळवले. परत क्षकडे यायचं तर? दोनाने भाग, मग तीन वजा कर. झालं."

आग्नेसने निमूटपणे तसं लिहून घेतलं. विहिरीजवळच्या मांडवाखाली, एका बाकड्याच्या दोन टोकांना, मध्ये वही ठेवून, ती दोघं समोरासमोर बसली होती. पलीकडे चटयांवर सोललेली राजेळी केळी सुकेळीसाठी वाळत होती. मुंबईच्या कॉलेजात पहिलं वर्ष काढून ती मेच्या सुट्टीत सांडोरला घरी आली होती. जूनमध्ये इंटर सायन्सला परत जायचं, की निर्मळच्या स्थळाला होकार द्यायचा, हे तिचा बाप पास्कल ठरवणार होता. आणि पास्कल ठरवणार होता मास्तरच्या शब्दावर. साऱ्या आळीत इंटरपर्यंत शिकलेला तोच एक होता.

"मास्तर," टाक खाली ठेवत ती म्हणाली, "सुकेळीचा पुडा बांधताना आधी पान, मग दोरी. सोडताना दोरी आधी सुटते ना?"

"मग?"

"इथे तीन शेवटी मिळवले होते. मग तेच आधी काढायचे का?"

मास्तरचे कान तापले. "तेच सांगणार होतो. तुझं लक्ष आहे का ते बघत होतो," तो म्हणाला, आणि घाईघाईने पान उलटलं.

पुढचा धडा नेमका त्याच्या दुखऱ्या जागेवरचा होता. एकच फंक्शन, पण त्याला नियम दोन. क्ष चारपर्यंत असेल तर एक, चारच्या पुढे गेला की दुसरा. असाच प्रश्न परीक्षेत आला तेव्हा त्याने पान कोरं सोडलं होतं. हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. वडिलांच्या आजारपणात बिचाऱ्याचं कॉलेज सुटलं, असंच सगळे म्हणत, आणि तो म्हणू देत असे.

आग्नेसने एकदा पुस्तकात पाहिलं, एकदा चटयांकडे, आणि तिला हसूच आलं.

"हे केळ्यासारखंच की! पहिले चार दिवस भराभर हलकं होतं, मग सावकाश." तिने दोन रेघा काढल्या, एक उभी उतरणारी, दुसरी जरा आडवी. "पण चौथ्या दिवशी दोन्ही नियमांनी वजन एकच यायला पाहिजे. नाहीतर रेघ मध्येच तुटेल."

पुस्तकात हे दोन पानांनंतर होतं. मास्तरने सकाळपासून ती दोन पानं तीनदा वाचली होती. त्याचा असा जळफळाट झाला की समोरची शाईची दौत लवंडून द्यावीशी वाटली. त्याला दोन वर्षांत जे उमगलं नाही, ते या पोरीला वाळत्या केळ्यांत दिसलं होतं, आणि वर हसूही येत होतं.

इतक्यात रहाटाच्या रेड्यामागून पास्कल आला. "मास्तर, आज काय ते सांगूनच टाका. निर्मळवाले रविवारी येतात. पुढचं झेपेल का पोरीला?"

आग्नेसने मान वर केली नाही.

"कष्टाळू आहे," मास्तर म्हणाला. इथेच त्याने थांबायला हवं होतं. "पण गणिताचं डोकं नाही, पास्कलकाका. इंटरला नापास होईल. उगाच वर्षं जातील."

"बरं झालं सांगितलंत," पास्कल म्हणाला आणि रहाटाकडे परतला. आग्नेसने ओल्या शाईवर टिपकागद दाबला. ती काहीतरी बोलेल, भांडेल, म्हणून मास्तर वाट पाहत होता. तिने टाक पुसून दौतीशेजारी ठेवला.

देवळात दुपारच्या प्रार्थनेची, बाराची घंटा झाली. पास्कलने रेडा थांबवला, टोपी काढली आणि "नमो मरिया" सुरू केलं. दोघं बाकड्यावरून उठून उभी राहिली. रहाटाची करकर थांबल्यामुळे वाडीत एकदम शांतता झाली. खाडीकडून वारा आला आणि बाकड्यावरच्या वहीची पानं फडफडत शेवटच्या पानावर गेली. आग्नेसने वही उलटी धरून मागून काहीतरी लिहिलं होतं. समोर उभ्या मास्तरला ते सुलटं दिसत होतं. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात. त्याने मिटले नाहीत.

'६ मे. मास्तरांचं चिन्ह चुकलं. उत्तर उणे पाच. बा जवळ होता म्हणून बोलले नाही.'

'९ मे. उदाहरण अर्धवट राहिलं. नंतर पूर्ण केलं.'

'११ मे. मास्तर पहाटे उठून माझ्यासाठी धडा वाचतात, असं त्यांच्या आई म्हणाल्या. चुका तोंडावर सांगायच्या नाहीत. इथे लिहायच्या.'

त्याला आधी रागच आला. तिच्या गणितावर जळता येत होतं. यावर कसं जळायचं? बसता येईना, वही मिटता येईना. पास्कलची प्रार्थना संथ चालली होती, आणि मास्तर तेवढ्या वेळात तिन्ही तारखा पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

प्रार्थना संपली. पास्कलने टोपी घातली आणि तो रेड्याकडे वळला.

"पास्कलकाका, थांबा."

"काय मास्तर?"

"वडिलांच्या आजारपणामुळे माझं कॉलेज सुटलं नाही. मी इंटरला गणितात नापास झालो. दोनदा." त्याने उघड्या वहीकडे बोट केलं. "मघाशी सांगितलं ते माझं होतं, हिचं नाही. ही माझ्या पुष्कळ पुढे आहे. हिला पाठवा."

पास्कलला अक्षरओळख नव्हती. त्याने वहीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग मास्तरकडे.

"मंग इतके दिस हितं कोन कोनाला शिकवत होता?"

"मास्तर मला," आग्नेस लगेच म्हणाली, आणि तिने वही मिटली.