ब्लँकेटची तपासणी

रामदासपेठेत दवाखान्याच्या भिंतीला लागून झोपणाऱ्यांना चर्चची माणसं पहाटेच ब्लँकेटं आणि चहा देऊन गेली. त्यांची गाडी वळेपर्यंत मधुसूदनराव झाडाआड थांबले होते. निवृत्त झाल्यापासून स्वेटर, मफलर, कानटोपी आणि धर्माची काळजी एवढं सगळं अंगावर चढवूनच ते फिरायला निघत.

थंडीनं मुटकुळं झालेल्या बायजाबाईपाशी येऊन त्यांनी काठीनं तिच्या ब्लँकेटचा कोपरा उचलला आणि क्रूस शोधला. सापडली ती धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी.

"काय म्हणायला लावलं गं त्यांनी?"

"काई नाई. चहात साखर पुरली का, इचारलं."

"असंच सुरू होतं. उद्या येशूचं नाव घ्यायला लावतील. एका ब्लँकेटपायी बापजाद्यांचा धर्म सोडशील का तू?"

बायजाबाईनं चहाचा शेवटचा घोट सावकाश संपवला.

"तो त माह्या बापानंच सोडला, काकाजी. छप्पन साली, इथंच नागपुरात. तवा त्याले कोनी ब्लँकेट नोतं देल्लं. आता ते काठी काढा, हवा शिरून राहिली."