खूण केलेलं रक्त

“श्वास घे. सोड. आता थांब,” ताईने माइकमध्ये सांगितलं आणि स्वतःचाही श्वास रोखून धरला.

काचेपलीकडे तिचा धाकटा भाऊ यंत्राच्या बोगद्यात होता. बाहेर फक्त मोजे दिसत होते. बंद जागेत तो घाबरायचा, कुणाला जुमानायचा नाही. ताईचं मात्र ऐकायचा. म्हणून तिला इथे खुर्ची मिळाली होती.

“तुम्ही कशाला श्वास रोखता? फोटो त्यांचा निघतोय,” बदलीवर आलेला तंत्रज्ञ म्हणाला.

“किडनी माझी आहे.”

वर्षापूर्वी दिलेली. महिनाभर भावाचे रिपोर्ट बिघडत चालले होते. किडनी दुबळी, म्हणून फोटोसाठी शिरेतून औषध सोडायचं नव्हतं. चुंबकाने त्याच्याच रक्तावर खूण करायची आणि ते किडनीत किती पोचतं ते मोजायचं. सुई नाही, दुखणं नाही.

पडद्यावर चित्र उमटलं. कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन सुकलेले काळे डाग. तंत्रज्ञ पडद्याजवळ झुकला.

ताईला काहीच वाटलं नाही. तिने खुर्ची पुढे ओढली. मग तिने नीट पाहिलं.

“ह्या त्याच्या जुन्या किडन्या. त्या काढत नाहीत. माझी खाली बसवलीय, उजव्या जांघेच्या वर.”

तंत्रज्ञाने जीभ चावली. सवयीने तो नेहमीच्याच जागी मोजत बसला होता. त्याने टेबल सरकवलं.

“ताई, झालं का?” आतून आवाज आला. “की इथेच बिऱ्हाड करू?”

“गप पड. श्वास घे. सोड. थांब.”

या वेळी दिसली. कडेची नारिंगी पट्टी, म्हणजे पोचलेलं रक्त, जागोजागी तुटलेली. तंत्रज्ञाने शेजारी तीन महिन्यांपूर्वीचं चित्र लावलं. त्यात पट्टी सलग होती.

“रक्त निम्मं झालं का?” ताईने विचारलं.

“निम्म्याहून कमी. बाकी डॉक्टर सांगतील.”

भाजीचा भाव ऐकावा तशी तिने मान हलवली.

भाऊ बाहेर येऊन बाकावर बसला. ताई खाली बसून त्याच्या पायात बूट चढवू लागली.

“रक्त जातंय ना?” त्याने विचारलं.

“जातंय. कमी जातंय.”

“किती कमी?”

“निम्म्याहून.”

त्याने उजव्या जांघेच्या वर तळहात ठेवला, तान्ह्या मुलाचा कान झाकावा तसा.

“हळू बोल,” तो म्हणाला.