मेणाचं कापड

इस्त्री उचलली तसं कापडही तिला चिकटून वर आलं. नीलमने ते ओढून काढलं. मेण एका कोपऱ्यात गोळा झालं होतं आणि उरलेल्या कापडावर खाली अंथरलेल्या पेपरातली साबणाची जाहिरात उलटी उमटली होती.

"गेलं हेही," ती पुटपुटली आणि तिने कापड भिरकावून दिलं.

तिच्या सासूबाई सुमतीबाई दुपारी राजस्थानातल्या नाकोड्याच्या यात्रेला निघणार होत्या. नारायणगावातल्या बायका जीप करून पुणे स्टेशनला जाणार, तिथून पुढे रेल्वे. दर यात्रेला खाकऱ्यांवरून घरात कुरकुर व्हायची. स्टीलचा डबा खांद्याला जड होतो, साध्या फडक्यात खाकरे मऊ पडतात. पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर सरकारने बंदी घातल्यापासून सासऱ्यांनी त्या आपल्या दुकानात ठेवणंच सोडलं होतं. कापडाला मेण लावून त्यात खायचं गुंडाळता येतं, ते धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतं, असं नीलमने एका मासिकात वाचलं होतं. लग्न होऊन आल्यापासून तिच्या हातचं काहीच सासूबाईंना पसंत पडत नव्हतं. हे तरी पडावं, एवढंच तिच्या मनात होतं.

पण जमतच नव्हतं. मेणबत्त्यांचं मेण कापडावर बसायचं आणि घडी घातली की भेगा पडून त्याचा भुगा व्हायचा. त्याचा वासही रॉकेलसारखा. येडगावहून भाजी घेऊन येणारी साळुबाई रोज ही धडपड बघत होती. आज तिने कोथिंबिरीच्या जुडीबरोबर एक पिवळसर ढेकूळ ओट्यावर ठेवलं होतं.

"मव्हळाचं मेन हाय, वैनी. त्या मेनबत्त्यांचा नाद सोडा आता. लई वंगाळ वास येतोय."

ते ढेकूळ अजून तिथेच पडलं होतं. नीलमने त्याला हात लावला नव्हता. मध या घरात कधी आला नव्हता, तिच्या माहेरीही नाही. मधमाश्यांचं घर मोडून काढलेलं काहीही जैनांच्या चुलीपाशी यायचं नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

तिने घड्याळाकडे पाहिलं. मग ढेकूळ उचललं. मेण काय, कुणी खातं थोडंच?

गरम पाण्यात वाटी ठेवून तिने ते वितळवलं, त्यात थोडं तेल घातलं आणि सासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यावर सारवलं. वाळल्यावर कापडाची घडी घातली. एकही भेग पडली नाही.

सुमतीबाई आवरून आत आल्या तेव्हा खाकरे गुंडाळून तयार होते. त्यांनी पुडकं उचलून पाहिलं, हलवून पाहिलं, नाकाशी नेलं.

"हलकं आहे गं. आणि वास किती छान येतोय!" त्यांनी पुन्हा एकदा खोल श्वास घेतला. "कसला म्हणायचा हा वास?"

मध ज्यांनी कधी चाखला नाही, त्यांना तो ओळखू कसा येणार? तेलाचा आहे, असं सांगून भागलं असतं. नीलमने तोंड उघडलंही. पण त्या इतक्या खूश होऊन बघत होत्या, की तिला खोटं बोलवेना.

"मधमाश्यांच्या पोळ्याचं मेण आहे, बाई."

सुमतीबाईंनी पुडकं ओट्यावर ठेवलं. मोरीत जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले.

"मी विचारलं नसतं, तर सांगितलं असतंस?"

"नाही," नीलम म्हणाली.

"गायीला घाल ते खाकरे."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. सुमतीबाईंनी पिशवी उचलली आणि त्या बाहेर पडल्या. दुसरे खाकरे लाटायला वेळच नव्हता. नीलमने हाताला लागला तो फुटाण्यांचा डबा घेतला आणि ती मेणाने चिकट झालेल्या हातांनी तशीच त्यांच्यामागे धावली. जीप बायकांनी गच्च भरली होती.

"राहू दे," सुमतीबाईंनी डबा परत केला.

"हे काय, सुमतीबाई?" आतली एक जण हसत म्हणाली. "शिदोरी कुठाय? सुनेनं रिकाम्या हातानं धाडलं की काय?"

सगळ्यांच्या नजरा नीलमकडे वळल्या. तिने मान खाली घातली.

"तिनं केलं होतं सगळं," सुमतीबाई सरकून बसत म्हणाल्या. "माझाच आज उपवास आहे."

जीप निघाली. नीलम डबा धरून दारात उभी राहिली. सकाळी तिनेच त्यांना गरम फुलके वाढले होते.