दोन्हीकडून सारखी जांभळी

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या जुन्या बाटल्यांच्या बाजारात डॅडने आमची गोटी-सोड्याची बाटली टेबलावर ठेवली. पणजोबांनी खाणीजवळ स्वतः खणून काढलेली ती बाटली देऊन डॅड मर्विन नावाच्या विक्रेत्याकडची गर्द जांभळी, चौकोनी, लोणच्याची बाटली घेणार होता. "शंभर वर्षं वाळवंटात आडवी पडून होती," मर्विन म्हणाला, "उन्हाने रंग चढलाय." जुनी बिनरंगी काच उन्हात जांभळी होते, हे आमच्या गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. म्हणूनच मी मर्विनची बाटली उचलली, चारही बाजूंनी फिरवली आणि ओरडलेच, "थांब डॅड! आधी तुझे हात बघ!" डॅडने पाहिलं. गाडी चालवताना खिडकीबाहेर राहून राहून उजवा हात करपलेला, डावा दुधासारखा. "पडलेल्या बाटलीचंही असंच होतं. वरची बाजू जांभळी, वाळूतली फिकट. ही तर सगळीकडून सारखीच! हिला यंत्रातल्या किरणांनी रंगवलंय." मर्विन हसला, "अगं पोरी, वाऱ्याने लोळली असेल की!" "चौकोनी बाटली? लोळली?" शेजारच्या टेबलामागची म्हातारी खो खो हसत सुटली, मग अख्खी रांग. मर्विनने आपली बाटली कागदात गुंडाळली. डॅडने आमची बाटली छातीशी धरली आणि म्हणाला, "टॅम्सिन, पुढच्या टेबलापाशी तू पुढे हो. मी पिशवी धरतो."