बर्फावरून, मुलाबाळांसकट

“तान्ह्या पोरीला घेऊन नर्मदा ओलांडायची नाही,” दिगंबरपंत म्हणाले. “श्रीनिवासानं उज्जैनीस एकट्यानं जावं. सूनबाई आणि शकू पुण्यातच राहतील.”

जेवणं नुकतीच आटोपली होती. दिगंबरपंत ओसरीवर बसले होते, मांडीवर आठ महिन्यांची नात. मथुराबाई विडे लावत होत्या. माजघराच्या दाराआड उभ्या असलेल्या मंदाकिनीनं ते ऐकलं. परवा बैलगाड्या सुटणार. सरदारांच्या दफ्तरातली कारकुनी, म्हणजे नवरा दोन-तीन वर्षं तरी तिकडेच. तो परत येईल तेव्हा शकू ‘हे कोण?’ म्हणून आईच्या पदराआड लपेल.

श्रीनिवासानं मान खाली घातली. वडिलांपुढं दुसऱ्यांदा तोच विषय काढायची त्याची छाती नव्हती. गप्प बसवेना म्हणून तो भलतंच बोलला.

“आज संगमावर गेलो होतो अप्पा, इंग्रज वकिलाच्या बंगल्यावर खलिता पोचवायला. तिथं दोन साहेब हमरीतुमरीवर आले होते.”

“कशावरून?”

“अमेरिका म्हणून मुलूख आहे, समुद्रापार. नुकताच यांच्या हातून सुटला तो.”

“सुटला? शहाणे लोक दिसतात.”

“हे गोरे तिथं पोचले, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं माणसं राहत होती म्हणे. ती मुळात तिथं गेली कशी, यावर वाद. तिथला मुनशी मला अर्थ सांगत होता. एक साहेब म्हणे, होड्यांतून गेली. दुसरा म्हणे, पार उत्तरेला दोन्हीकडची जमीन अगदी जवळ येते, मधला समुद्र थंडीनं गोठतो. त्या बर्फावरून चालत गेली.”

वाद म्हणजे दिगंबरपंतांचं दुसरं जेवण. ते सावरून बसले. “चालतच गेली. होड्या कुठून आणणार? त्यांच्याकडे काय आंग्र्यांचं आरमार होतं? होडी दुसऱ्याची असते, पाय आपले असतात.”

“पण पहिला साहेब म्हणत होता, इतकं चालणं माणसाच्यानं व्हायचं नाही.”

“त्याला पालखीची सवय असेल.”

मथुराबाई हसल्या. दाराआड मंदाकिनीलाही हसू आलं. सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. काही विचारायचं असलं की ती शकूच्या नावानं विचारी, आणि मामंजीही शकूलाच उत्तर देत. लग्नानंतरच्या चार वर्षांत झालं नव्हतं एवढं बोलणं या आठ महिन्यांत झालं होतं.

“शकूताई,” ती म्हणाली, “आजोबांना विचार बरं, नुसते पुरुषच चालत गेले, की बायकाही होत्या?”

“अगं शकूबाई, बायका नसत्या तर मुलूख वसला असता का? साहेबांना तिथं नुसते बैरागी सापडले असते.”

“आणि लहान मुलं?”

“मुलं मागं टाकून कोण जाईल? पाठीशी बांधायचं, वरून कांबळं गुंडाळायचं, झालं. आईच्या अंगाची ऊब असली की तान्ह्या लेकराला बर्फसुद्धा—”

ते थांबले.

श्रीनिवास जमिनीकडेच बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. मंदाकिनीनं दाराची कडी घट्ट धरली. आता एक अक्षर बोलायचं नाही, तिनं स्वतःला बजावलं.

मथुराबाईंनी विड्याला लवंग टोचली आणि विडा नवऱ्यापुढं धरला.

“नर्मदेला तर बर्फही नाही,” त्या म्हणाल्या. “आणि नावा आहेत.”

दिगंबरपंतांनी विडा घेतला, पण तोंडात घातला नाही. तसाच हातात धरून बसले.

“शकूबाई,” ते म्हणाले, “तुझ्या आईला सांग, माळव्यात थंडी फार. जाड दुपटी घे म्हणावं. आणि घाट उतरताना पोरीला गाडीत निजवू नको म्हणावं, मांडीवर घे. गाडी फार हिसके देते.”

“सांगते हं, आजोबा,” मंदाकिनी शकूच्या वतीनं म्हणाली.

श्रीनिवासानं मान वर केली. दिगंबरपंतांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

“काय रे, ती माणसं तर गेली. त्यांच्यामागं जे म्हातारे राहिले असतील, त्यांच्याबद्दल साहेब काय म्हणत होते?”

श्रीनिवासानं आठवून पाहिलं.

“काहीच नाही अप्पा. त्याबद्दल वाद नव्हता.”

“हं.”

शकूनं त्यांचं जानवं मुठीत घट्ट धरलं होतं. विडा तबकात ठेवून ते तिचं एकेक बोट हलकेच सोडवू लागले. एक सुटलं की आधीचं पुन्हा मिटायचं. त्यांना घाई नव्हती.