कुणाची लस

तळ्याकाठी पोहणारे टोप्या घालून कुडकुडत उभे होते. या काठावरून त्या काठाला पोहायचं आणि जमेल ती वर्गणी कॅन्सरवरच्या लसीच्या संशोधनाला द्यायची, हा पोहण्याच्या मास्तरांचा दरवर्षीचा नेम. पोहणं सुरू होण्याआधी ते एवढंच म्हणत, "ही लस वेळेवर आली असती, तर आज माझी मुलगी तुमच्यात उभी असती."

यंदा प्रयोगशाळेतली संशोधक बाई पहिल्यांदाच आली होती. मास्तर एका वार्ताहराला तेच सांगत होते. तिने ते ऐकलं आणि तिची चुळबुळ सुरू झाली. पुढे आली, मागे फिरली. शेवटी तिने मास्तरांना बाजूला घेतलं.

"सर, तुमच्या मुलीला हाडाचा कॅन्सर होता ना?"

"हो."

"आमची लस कॅन्सरच्या पेशीवरची एक खूण ओळखायला शरीराला शिकवते. त्वचेच्या कॅन्सरमध्ये ती खूण असते. तिच्या कॅन्सरमध्ये... नसते, सर. तिला ही लस लागू पडली नसती."

मास्तरांनी वार्ताहराकडे पाहिलं. "हे आज सांगायचं?"

"मी आजच ऐकलं."

"सर, सोडा ना! पाय गारठले!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

मास्तरांनी कर्णा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "ही लस माझ्या मुलीला वाचवू शकली नसती. मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला चुकीचं सांगत आलो. ज्याला परत जायचंय त्यानं खुशाल जावं."

कुजबुज झाली. एकाने टोपी काढली. शेजारचा त्याच्याकडे बघत राहिला. कुणी गेलं नाही, पण कुणी पाण्यातही उतरेना.

मागे मास्तरांची बायको टॉवेलांचा गठ्ठा धरून उभी होती. मुलगी गेल्यापासून ती पाण्याला शिवली नव्हती. तिने गठ्ठा संशोधक बाईच्या हातात दिला, वर चष्मा ठेवला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तळ्याकडे चालू लागली.

"अगं, कुठे निघालीस?"

"आपल्या पोरीची नसेल हो," ती वळून न बघता म्हणाली, "कुणाच्या तरी पोरीची असेलच की."

पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. तिने अंग झोकून दिलं. मागून धपाधप उड्या पडल्या, पण मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते काठाकाठाने धावत सुटले होते.

"मान खाली घाल! श्वास सोड... अगं, श्वास सोड!"