मेणाच्या गोळ्या

या, असे पुढे सरकून बसा. टाळ घटकाभर मांडीवर राहू द्या. निरूपण कुठे पळून जात नाही. आधी एक गोष्ट सांगतो. फार लांबची नाही, अमेरिकेतल्या या आपल्या नोव्हाय गावातलीच.

बंदुकीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत हिमानी उभी होती आणि तिचे बाबा गॅसवरच्या पातेल्यात मेण ढवळत होते.

ती सकाळच्या विमानाने कॅरीहून, तिच्या गावाहून, आली होती. बाबांच्या शेजारच्या शोभनाकाकूंचा तिला फोन गेला होता. "अगं, मनोहरभाऊ दर गुरुवारी बंदुकीच्या दुकानात जातात. उल्का गेल्यापासून धड जेवत नाहीत, बोलत नाहीत, आणि आता हे. मला काही बरं दिसत नाही. तू ये बाई." आईला जाऊन आठ महिने झाले होते. हिमानीने त्याच दिवशी तिकीट काढलं. घरात एक जुनी रिव्हॉल्व्हर होती. वीस वर्षांपूर्वी घरफोडी झाली तेव्हा बाबांनी घाबरून घेतलेली. आईने तेव्हाच बजावलं होतं, वस्तू राहू दे कपाटात, पण गोळी या घरात येता कामा नये. ती रिव्हॉल्व्हर बाबांच्या हाताशी ठेवायची नाही, एवढं ठरवून हिमानी आली होती. विमानात तिला दुसरं काही सुचलं नव्हतं.

"बाबा, व्हॉट इज धिस?"

"मेण. साधं, मेणबत्तीचं. थांब, थाळीला तूप लावू दे."

"तूप?"

"हा रॉय नुसतंच ओतायचा. मग सुरीने खरवडत बसायचा. म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे वडी थापायच्या आधी थाळीला तूप लावतात."

दुकानाचा मालक रॉय दाराला टेकून उभा होता. ऐंशीच्या घरातला, उंच, कानात मशीन. "मॅनी इज द वर्स्ट शॉट इन मिशिगन," तो हिमानीला म्हणाला. मनोहरचं त्याने मॅनी करून टाकलं होतं. "बट ही मेक्स व्हेरी गुड वॅक्स."

खुर्च्यांवर बसलेले दोन म्हातारे खो खो हसले. बाबाही हसले.

मेण बोटभर जाड गोठलं. बाबांनी गोळीची एक रिकामी पितळी पुंगळी त्यात तोंडाकडून दाबली, पुऱ्या कापायला वाटी दाबतात तशी. वर उचलली तर तोंडात मेणाचं बूच बसलेलं. मग बुडाच्या खाचेत टिकलीएवढी टोपी बसवली.

"झाली गोळी."

"आणि दारू?"

"दारू नाहीच. ही टोपी फुटते, दिवाळीतली टिकली फुटते तशी. तेवढ्या जोरावर मेण समोरच्या भिंतीपर्यंत जातं."

हिमानी औषधांच्या दुकानात काम करते. समोर काही दिसलं की प्रश्न विचारल्याशिवाय तिला राहवत नाही. तिने पुंगळी उजेडात धरली. "बुडातलं भोक एवढं मोठं का?"

"लहान असलं तर टोपी उलटी मागे सरकते आणि रिव्हॉल्व्हरचं चक्र अडकतं. म्हणून रॉय ड्रिल करून मोठं करतो. मग त्या पुंगळीत खरी गोळी कधीच भरायची नाही. चुकू नये म्हणून लाल रंग दिलाय बघ."

"मी एक ट्राय करू?"

"चष्मा लाव आधी. मेण असलं तरी डोळा जाईल."

समोर वर्तुळ काढलेलं पुठ्ठ्याचं खोकं होतं, मागे जाड घोंगडी टांगलेली. आधी बाबांनी नेम धरला. फट्! खोकं जिथल्या तिथे. मेण घोंगडीच्या पार कोपऱ्यात चिकटलं. "सी?" रॉय म्हणाला. मग हिमानीने रिव्हॉल्व्हर घेतली. फट्! वर्तुळाच्या आत. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. "हिची आईसुद्धा अशीच," बाबा त्यांना इंग्रजीत सांगू लागले, "गणपतीच्या फनफेअरमध्ये सगळे फुगे हिच्या आईने फोडले होते." हिमानी ऐकत राहिली. आईबद्दल ते आठ महिन्यांत फोनवर एक शब्द बोलले नव्हते.

मग ती कशासाठी आली होती ते तिला आठवलं. ती मराठीत म्हणाली, "बाबा, घरची ती रिव्हॉल्व्हर मला देशील?"

"घरी कुठे आहे? तुझ्या हातात आहे तीच ती. रॉयच्या तिजोरीत असते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"पण तू इथे आलासच कशाला? तू तर झुरळसुद्धा मारत नाहीस. आई मारायची."

बाबांनी थाळी पुसायला घेतली. पुसून झाली तरी पुसतच राहिले.

"खरी गोळी घ्यायला आलो होतो. बोर, म्हणजे नळीचं माप, बघायला लागेल म्हणून ही सोबत आणली होती."

"किती गोळ्या?"

"एक."

हिमानीने चष्मा काढला. रॉयने पुढे होऊन पातेल्याखालचा गॅस बंद केला.

"मग? हा काय म्हणाला?" तिने रॉयकडे बोट दाखवलं.

"एकच गोळी कशाला, ते विचारलं नाही गं त्याने. माझ्याकडे बघत राहिला. मग बाहेरची पाटी फिरवून दुकान बंद केलं. भर दुपारी! रिव्हॉल्व्हर तिजोरीत टाकली, मला इथे मागे आणून बसवलं. संध्याकाळपर्यंत तुझ्या आईबद्दल विचारत होता. निघताना म्हणाला, सुटी गोळी मी विकत नाही. पण माझे हात आता थरथरतात, मेण ओतायला माणूस हवाय. गुरुवारी येशील का?"

तर मंडळी, आज आरतीनंतर हात जोडाल तेव्हा आपापल्या माणसांची नावं घ्या, आणि त्यांच्या ओळीत रॉयचंही घ्या. त्याला आपला विठ्ठल ठाऊक नाही. विठ्ठलाला तो ठाऊक असणार.